गौरीच्या आधी परत

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

कादंबरी,

वर 'सौ.' लिहून खोडलं आहे. चार वर्षांची सवय कोर्टाच्या एका निकालाने जात नाही. नवा कागद घेता आला असता, पण तेवढ्यासाठी कशाला.

काल येऊन गेलीस ते बरं केलंस. घटस्फोट झाल्यावरही तू मला वाकून नमस्कार करतेस आणि 'आई' म्हणतेस, याचं शेजारच्या सुरुचीताईंना फार कौतुक. मला त्या नमस्काराचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. असो.

बाहेरच्या खोलीत तू केयूरला काय सांगितलंस ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "आई बरोबर जाणार असतील तरच मी ऋतुजाच्या प्रवासाला सही देईन." म्हणजे सख्ख्या बापाला स्वतःच्या अडीच वर्षांच्या मुलीला दहा दिवस दुबई दाखवायची, तर त्याच्या आईने जामीन राहायचं. आणि आई कोण, तर जिच्या ओकाऱ्यांसाठी खंडाळ्याच्या घाटात एस.टी. थांबवावी लागली होती आणि जिची ती गोष्ट तुझे सासरे मरेपर्यंत प्रत्येक लग्नात सांगत होते. मला विमानाची भीती वाटते. परक्या पाण्याची वाटते, परक्या संडासाची तर फारच. मंडईत जाऊन यायचं तरी मी कुलूप दोनदा ओढून बघते. हे तुला पक्कं माहीत आहे आणि म्हणूनच तू माझं नाव पुढे केलंस. ही बाई जाते आहे म्हणजे परत येणारच, असा तुझा अंदाज. अंदाज बरोबर आहे.

शिवाय ३१ तारखेला गौरी यायच्या आहेत. गणपती माझ्या थोरल्या दिरांकडे बसतो, पण गौरी आमच्याकडे, आणि त्या माझ्याच हातून उंबरठ्याच्या आत येतात. तुझ्या सासऱ्यांची बायपास झाली त्या वर्षीसुद्धा मी दवाखान्यातून घरी येऊन मुखवटे मांडले आणि पुन्हा दवाखान्यात गेले. काल मी "गौरीच्या आधी परत येऊ" म्हटलं तेव्हा तुझा चेहरा कसा सैल झाला ते मी पाहिलं. केयूरच्या शब्दावर तुझा भरवसा नाही, कोर्टाच्या शिक्क्यावर नाही, पण माझ्या गौरींवर आहे. या घरात राहून तू काहीतरी शिकलीस म्हणायची.

तू म्हणालीस, "केयूर माझा फोन घेणार नाही, तुम्ही रोज दोन ओळी लिहाल का? काय खाल्लं, कशी झोपली, एवढंच." लिहीन. फोन मात्र करणार नाही. फोनवर बोललेलं तू वकिलाला ऐकवतेस, हा अनुभव मी एकदा घेतला आहे.

तू दिलेल्या पिशवीत तुझी एक जुनी निळी ओढणी निघाली. झोपताना तिला हातात लागते म्हणालीस. तिला वास येत होता. मी ती दोनदा साबणात घालून उन्हात वाळवली.

तुझी कोण ते तूच ठरव,
मंदाकिनी

दुबई, १९ ऑगस्ट

कादंबरी,

पोचलो. जिवंत आहोत.

विमान वर उठलं तेव्हा मी ऋतुजाचा हात धरला. केयूर सगळ्यांना उलटं सांगतो. नंतर मला कागदी पिशवी लागली, तेव्हा तुझी लेक माझ्या पाठीवर थोपटत पुढच्या रांगेतल्या लोकांना सांगत होती, "माझ्या आजीला ओ आली." पुढची माणसं मराठी निघाली. असं माझं नशीब.

इथे घराबाहेर पाऊल टाकलं की तापल्या तव्यावर टाकल्यासारखं होतं. ऑगस्टमध्ये दुबईला कोणी सहलीला येत नाही म्हणे; लिफ्टमध्ये भेटलेल्या एका मल्याळी बाईंनी मला तसं सांगितलं आणि माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मी म्हटलं, तिकीट स्वस्त मिळालं असेल. केयूर बापावर गेला आहे.

आपण हॉटेलात उतरणार असं तो म्हणाला होता, पण उतरलो ते त्याच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये. मित्र स्वतः कुठे दिसत नाही. घर मात्र नीटनेटकं आहे. कुकर आहे, पोळपाट आहे, डब्यात पोहे आणि साबुदाणा भरलेला आहे. आतल्या खोलीत गुलाबी रंगाचा लहान पलंग आहे, त्याचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. या मित्राचं लग्न झालेलं नाही म्हणतात. हौशी दिसतो.

खाण्याचं लिहायचं तर ऋतुजा माझ्या हातचा वरणभात खाते. केळं खाते. तू तिला गोष्टी सांगत, घरभर फिरवत भरवायचीस, ते इथे बंद केलं. पहिल्या दिवशी उपाशी राहिली, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ताटाशी बसली.

झोपेचं. तुझी ओढणी दिली. तिने नाकाशी धरली, हुंगली आणि पलंगाखाली फेकून दिली. मग बराच वेळ रडली, पण ते ओढणीसाठी नसावं, कारण पुन्हा दिली तर घेईना. म्हणजे तिला तिची काही गरज नव्हतीच. उगाच वजन आणलं.

मंदाकिनी

दुबई, २३ ऑगस्ट

कादंबरी,

काल मोठ्या बाजारात काचेच्या भिंतीआडचे मासे पाहिले. भिंत तीन मजले उंच. ऋतुजा काचेला नाक लावून उभी राहिली आणि एक शार्क जवळ आला तशी किंचाळून मागे पळाली. पळाली ती माझ्याकडे नाही, तनुजाकडे.

तनुजा कोण, ते सांगते. ती केयूरबरोबर खराडीच्या ऑफिसात होती, आता इथल्या ऑफिसात आहे. दिसायला बरी आहे. मला काकू म्हणते. पहिल्या दिवशी आली तेव्हा मी पाहुणी म्हणून पाट-पाणी करायला उठले, तर तिनेच मला पाणी आणून दिलं. पेले कुठल्या कपाटात आहेत ते तिला माझ्याआधी माहीत होतं. मित्राच्या घरी हिचं येणंजाणं असेल. मी काही विचारलं नाही, परक्या देशात माणसाने नसत्या ठिकाणी तोंड घालू नये.

आज सकाळी आम्ही लहान मुलांच्या एका जागी गेलो होतो. केयूर म्हणाला, खेळायची जागा आहे. भिंतीवर जिराफ काढलेला, लहान लहान खुर्च्या, रंगीत गाद्या. तिथे ऋतुजाच्या खांद्याचं माप घेतलं, कमरेचं घेतलं. खेळायला माप कशाला लागतं ते मला ठाऊक नाही. तिथली रीत असेल. टेबलामागच्या मुलीने इंग्रजीत आईचं नाव विचारलं. केयूरने तनुजाकडे पाहिलं. तनुजाने खाली पाहिलं. मी जिराफाकडे पाहिलं.

तेवढ्यात तुझी लेक चांगली मोठ्याने म्हणाली, "माझी आई हडपसलला आहे. ती सुया टोचते."

लॅबमध्ये रक्त काढतेस ते तू तिला चांगलं समजावून दिलेलं दिसतं. टेबलामागच्या मुलीला मराठी येत नव्हतं. ती हसली आणि 'सो क्यूट' म्हणाली. ज्यांना मराठी येत होतं ते आम्ही तिघेही गप्प होतो.

घरी आल्यावर केयूरने ऋतुजाला समोर उभं केलं. म्हणाला, "हडपसरचं नाव काढायचं नाही. कळलं?" ती रडायला लागली, तर त्याने तिला बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी लावली. फार वेळ नाही. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे, राग येतो तसा उतरतो. मी कुकर लावत होते. कुकरच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही असं मी त्याला नंतर सांगितलं. तो विचारत नव्हता, तरी सांगितलं.

दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली. गालावर मीठ वाळलं होतं ते मी पदराने पुसलं. झोप चांगली लागली. तुला तेवढंच हवं होतं ना.

मंदाकिनी

दुबई, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

कादंबरी,

आज मी उकडीचे मोदक केले. इथे तांदळाची पिठी चांगली मिळते. पुढचं आता सरळच लिहिते, आडून लिहून माझा हात दुखायला लागला.

सकाळी केयूरने माझ्यासमोर तिकीट ठेवलं. एकच. मी म्हटलं, "बाकीची?"

"बाकीची नाहीत, आई. तू २९ला जा. तुझ्या गौरी आहेत ना."

"आणि ऋतुजा?"

"तिची शाळा सोमवारपासून. मला इथे जॉब लागलाय, जूनमध्येच. हा फ्लॅट माझा आहे. तनुजा आणि मी लग्न करतोय."

मी त्याला खूप बोलले. आयुष्यात त्याच्यावर इतका आवाज चढवला नव्हता. म्हटलं, मी त्या मुलीला शब्द दिलाय. माझ्या भरवशावर तिने सही केली. गौरीच्या आधी परत येऊ म्हणाले होते मी.

तो शांतपणे म्हणाला, "मग जा की. तुला परत पाठवतोच आहे. तुझा शब्द मोडू देतोय का मी?"

मग त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. "कादंबरीला सांगायचंय? सांग. आत्ता सांग. पण एक ध्यानात ठेव, तिने इथे काही उपद्व्याप केला तर ऋतू तुलासुद्धा पुन्हा दिसणार नाही. फोनवरही नाही. मी आंघोळीला जातो, तू बघ काय ते."

तो गेला. नळाचा आवाज यायला लागला. तनुजा ऋतुजाला घेऊन खाली गेली होती. फोन उघडाच होता. तुझा नंबर मला पाठ आहे, तू बाळंतपणाला माहेरी होतीस तेव्हा शंभर वेळा फिरवला आहे. दोन वाक्यं पुरली असती. तू त्याच दिवशी पोलिसांत गेली असतीस, कुणी ना कुणी काही ना काही केलं असतं. शाळा सुरू व्हायला अवकाश होता.

मला आधी राग आला होता. मग लाज वाटली, तुला दिलेल्या शब्दाची. मग भीती वाटली, आणि शेवटी भीतीच उरली. घरी परत जायचं, कुलूप उघडायचं, आत कुणी नाही. सणाला नाही, आजारपणात नाही, आणि ती पोर जगात कुठेतरी मोठी होते आहे आणि तिला आजी होती हे तिला माहीत नाही. हे माझ्याने होणार नाही. तू तरुण आहेस. तुला दुसरं लग्न आहे, दुसरं मूल आहे. मला दुसरी नात कुठून यायची?

मी उठले आणि उकड मळायला घेतली. केयूर केस पुसत आला, फोन जागच्या जागी आहे हे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "गुळाचा वास मस्त सुटलाय."

ऋतुजाने दोन मोदक खाल्ले. तिसऱ्याचं नाक तोडलं आणि म्हणाली, "हा आईला." मी तो डब्यात घातला. रात्रीपर्यंत आंबेल.

हे पत्र मी इथून टाकणार नाही. आधीची दोन्ही टाकली नाहीत; खाली पोस्टाची पेटी सापडली नाही असं समज. पुण्याला गेल्यावर सगळी एकदम पाठवीन, सणवार झाले की.

मंदाकिनी

पुणे, ६ सप्टेंबर

कादंबरी,

सोबत दुबईची तीन पत्रं आहेत. लिहीन म्हणाले होते, लिहिली. लिहिलेलं फाडणं मला जमत नाही.

तुझ्या वकिलांची नोटीस मिळाली. मराठी बरं आहे त्यांचं. त्यात लिहिलंय की मी तुला १ सप्टेंबरला 'कपटाने घरी बोलावून मानसिक छळ केला'. माझं म्हणणं निदान तुला तरी कळलं पाहिजे.

सुरुचीताईंच्या फोनवरून तुला निरोप पाठवला तो मीच सांगितला होता: सुखरूप आलो, उद्या गौरीला जेवायला ये. खोटा होता, मान्य. पण तुला सांगायचं तर होतंच, आणि ते कसं सांगायचं? हडपसरला तुझ्या खोलीवर येऊन सांगितलं असतं तर तू आकांत केला असतास. भरल्या घरात, गौरी जेवायला बसलेल्या असताना, तू आवाज चढवणार नाहीस हे मला माहीत होतं. चार वर्षं माझ्या हाताखाली सण केले आहेस तू. सणाच्या दिवशी या घरात कुणी रडत नाही, हे मीच तुला शिकवलं होतं.

तू आलीस ती दारातच पायातले सँडल घाईघाईने उडवत. हातात पिशवी, त्यात लाल खणाचं परकर-पोलकं. "ऋतू कुठंय?" सुरुचीताई, माझी जाऊ, वरच्या मजल्यावरच्या दोघी, सगळ्या बघत होत्या. मी म्हणाले, "झोपलीय. प्रवासाने दमली. उठवू नकोस."

आतल्या खोलीचं दार लावून पंखा मी सकाळीच सुरू करून ठेवला होता. हे तुझ्या वकिलांना माहीत नाही, तुला आता सांगते.

तू लगेच आवाज खाली आणलास. नमस्कार केलास, पदर खोचलास आणि वाढायला घेतलंस. मी तुला सांगितलं नव्हतं. कुकरची शिट्टी होणार असं दिसलं तशी धावत जाऊन गॅस बंद केलास. सुरुचीताई कशाला तरी मोठ्याने हसल्या तर तू ओठांवर बोट ठेवून आतल्या दाराकडे खूण केलीस, आणि त्या बिचाऱ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पंगत अशी कुजबुजत जेवली. गौरींसमोर इतकी शांत पंगत मी कधी पाहिली नव्हती. पुरणपोळी वाढायला आले तर तू म्हणालीस, "नको आई, ऋतूबरोबर खाईन."

दोनदा तू त्या दाराशी गेलीस. हात ठेवलास, उघडलं नाहीस. दुसऱ्यांदा मला विचारलंस, "फार वेळ झोपली हो. ताप नाही ना आला?" मी म्हटलं, "नाही. बरी आहे." ते खोटं नव्हतं.

ओट्या भरताना तुला कुंकू लावलं नाही, ते मुद्दाम नव्हतं. सवाष्णींना लावतात. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हिला?" तर तूच म्हणालीस, "असू द्या, मला आज दुसरंच काही हवंय." आणि हसलीस.

बायका गेल्या. शेवटी सुरुचीताई गेल्या आणि मी दार लावून वळले तर तू आतल्या खोलीच्या उंबरठ्यात उभी होतीस. आत गौरींच्या साड्यांचे खोके, रिकामी पत्र्याची पेटी, आणि पलंगावर माझी प्रवासाची बॅग, अजून न उघडलेली. मला वाटलं तू आता ओरडशील. मी देवघराकडे सरकलेसुद्धा. तू ओरडली नाहीस. तू आत गेलीस आणि पंखा बंद केलास.

मग खाली बसलीस. मी पाणी आणलं, ते तू घेतलं नाहीस. म्हणालीस, "तुम्ही तर म्हणाला होतात, गौरीच्या आधी."

मी म्हणाले, "आले की मी."

हे वाक्य नोटिशीत नाही. तू वकिलांना सांगितलं नसावंस. सांगितलं असतंस तरी मी नाकारलं नसतं. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि जे सुचलं ते तोंडातून गेलं.

विमानतळावरचंही लिहून टाकते, तुला दोन ओळी हव्या होत्या. ऋतुजा तनुजाच्या कडेवर होती. मला टाटा केला. म्हणाली, "आजी, आईला घेऊन ये." मी मान डोलावली.

मंदाकिनी

पुणे, ५ ऑक्टोबर

कादंबरी,

बुधवारी मला कोर्टात बोलावलं आहे. तुझे वकील स्वतः येऊन गेले. सभ्य माणूस आहे, चहा घेतला. म्हणाले, "मंदाकिनीबाई, फ्लॅट आधीपासून तयार होता, शाळा ठरलेली होती, नोकरी जूनमधली होती, हे सगळं तुम्ही पाहिलंत, ऐकलंत. दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही एवढं सांगितलंत तर मुलगी आईकडे यायचा मार्ग मोकळा होईल. नाहीतर कठीण आहे." मी म्हणाले, विचार करते. विचार आधीच झालेला होता.

मी काय सांगणार ते तुला आधी कळवते, म्हणजे तिथे मला बघून तुझा चेहरा आशेने सैल व्हायला नको. मी सांगणार की आम्ही सहलीला गेलो होतो. मुलाला तिथेच असताना नोकरी लागली. कादंबरीला सगळं माहीत होतं, तिची सही आहे. फ्लॅट कुणाचा ते मला माहीत नाही. तू माझी पत्रं दाखवशील. खुशाल दाखव. मी म्हणेन, उन्हाने डोकं फिरलं होतं, म्हातारपणी भास होतात, विस्मरणाच्या गोळ्या चालू आहेत. गोळ्या खरंच चालू आहेत, गेल्या आठवड्यापासून. केयूरने एका डॉक्टरांचं नाव कळवलं होतं.

त्याच्या बदल्यात मला दर रविवारी दुपारी चार वाजता फोनवर ऋतुजा दिसते. दहा मिनिटं. इतकंच. तुला हे क्षुद्र वाटेल. वाटू दे. आठवडाभर मी त्या दहा मिनिटांवर असते. शनिवारी केस धुते, रविवारी तिला आवडायची ती हिरवी साडी नेसते, फोन डब्याला टेकवून साडेतीनपासून समोर बसते. तुझं आईपण मोठं असेल, मला माझी दहा मिनिटं त्याहून मोठी आहेत. देव मला याबद्दल जे काय करायचं ते करो.

आता मुद्द्याचं. तुझी केस टिकणार नाही, हे तुझ्या वकिलांनाही दिसतंय. मग मला तुझ्यासाठी एवढंच करता येईल. तू केस मागे घे. घेतलीस की रविवारी माझ्याकडे ये. केयूरला सांगायचं नाही. फोन लागला की तो आधी मला घर दाखवायला लावतो. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतली खोली, दाराबाहेरच्या चपलासुद्धा. न्हाणीघर दाखवायला सांगत नाही. तिथे मी स्टूल ठेवीन. दार बोटभर उघडं ठेवलं की आवाज स्वच्छ येतो. मी बाहेर रेडिओ लावून आणि आत बसून पाहिलं आहे.

चेहरा दिसणार नाही. बोलायचं नाही, हाक मारायची नाही, रडायचं तर तोंडात पदर धरून. एकदा जरी आवाज झाला तर माझंही जाईल आणि तुझंही.

ती आता पाण्याला 'वॉटर' म्हणते. तनुजाला मम्मा म्हणते. मागच्या दोन दाढा आल्या आहेत, तोंड भरून हसली की दिसतात. तुझं नाव काढते का, असं तू विचारशील. मागच्या रविवारी काढलं. काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. मला विचारायलाही येऊ नकोस. केस मागे घे, मग ये आणि आपल्या कानांनी ऐक, पुन्हा म्हणाली तर. फार दिवस म्हणेल असं मला वाटत नाही.

तर बघ. बुधवारच्या आत कळव. यायचं ठरवलंस तर साडेतीनला ये, चपला हातात घेऊन आत ये. खोकला असेल तर त्या रविवारी राहू दे. आणि बांगड्या घरी काढून ये. वाजतात.

मंदाकिनी